पायरी कोणत्या दाराला?

स्कूटर दुरुस्तीला देऊन गॅरेजच्या बाकावर बसलेल्या मास्तरांचं वर्तमानपत्र केव्हाच मांडीवर आलं होतं. शेजारी सासू-सुना बसल्या होत्या. समोर त्यांनी नुकतीच घेतलेली जुनी एसयूव्ही.

"इंजिन ठणठणीत आहे गं. बाकी सगळं किरकोळ."

"दाराचा पोचा काढायला सांगू, आई?"

"राहू दे. पोच्याने गाडी अडत नाही. आधी चढायला पायरी लावून घे, माझे गुडघे कुरकुरतात."

"मागच्या दाराला सांगते."

"मागच्या कशाला?"

"मग पुढे, ह्यांच्या शेजारी?"

"त्याला कामावर जायला त्याची बस आहे. पायरी ड्रायव्हरच्या दाराला लाव."

"अगंबाई! तुम्ही चालवणार?"

"मग लायसन्स काय भिंतीवर टांगायला काढलंय? तू बस शेजारी. फक्त घाबरून पाय खाली दाबत बसू नकोस. ब्रेक माझ्याकडे आहे."