घरचं बोलणं घरात

मुलगा : म्हणजे घरातले दिवे चालवणारा हब आणून झाला, स्विच मागवून झाले, वायरमनही येऊन उभा आहे. मग मला कशाला विचारतेस, आई?

आई : विचारत नाही, सांगते आहे. नाहीतर नंतर तूच म्हणाला असतास की मला कळवलंही नाहीस.

मुलगा : अगं, जुने स्विच वाय-फायचे होते, नवेही तेच घेऊ. राउटर घरात आहेच. जुने काढले, नवे बसवले, जेवायच्या आत मोकळे. हे वाय-फायविना चालणाऱ्या झिगबीचं खूळ कुठून काढलंस?

आई : वाचून काढलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. निरोप कुठून कुठे जातो, तेवढं तरी मला बघू दे. तुझ्या त्या जुन्या स्विचांचं कसं होतं? मी पलंगावरून दिवा लावायचा, तर निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, कुठल्या कुठे, आणि तिथून वळसा घालून माझ्याच खोलीत येणार. कंपनीने गाशा गुंडाळला आणि माझ्या घराने मान टाकली.

वायरमन : काकू, साधी बटणं लावून देऊ का? टक केलं की लागला, टक केलं की बंद. डोक्याला ताप नाही.

आई : बटणं साधी चालतील हो, गुडघे साधे राहिले नाहीत. अंथरुणातून दिवा लागायला हवा मला. फक्त तो लावायला सगळी दुनिया मधे नको.

मुलगा : सर्व्हरशिवाय चालणारे वाय-फायचेही मिळतात.

आई : मिळतात. पण राउटर पुढच्या खोलीत, आणि मधे ही भिंत. मागच्या खोलीत वाय-फाय दिवसातून दहादा तुटतं. झिगबीचे स्विच एकमेकांना निरोप देतात. या खोलीतला त्या खोलीतल्याला सांगतो, तो पुढच्याला.

मुलगा : मग थ्रेड घे. तेही असंच चालतं, आणि नवीन आहे.

आई : तेही पाहिलं. पण आपल्या बोर्डात बसतील असे स्विच मला त्यात मिळाले नाहीत. झिगबी मुरलेलं आहे. दोन आणले, राउटर बंद केला आणि चालवून पाहिले. बिनतक्रार चालले.

मुलगा : राउटर बंद असताना चालले, म्हणजे मला माझ्या घरून ॲपमध्ये काही दिसणार नाही.

आई : आता आलास मुद्द्यावर.

मुलगा : मुद्दा तोच आहे. तू इथे एकटी असतेस.

आई : एकटी असते म्हणूनच त्या रविवारी काय झालं ते आठव. ॲपमध्ये तुला दिसलं की आदल्या दिवसापासून माझ्याकडे एकही दिवा लागलेला नाही. पडला होता सर्व्हर, तुला वाटलं मीच पडले. तू शेजारच्या वहिनींना फोन केलास, त्यांनी वॉचमनला आणलं, कडी तोडली. मी टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर आले, तर हॉलभर माणसं.

मुलगा : मी कितीदा फोन लावला होता.

आई : अंघोळीला फोन नेत नाही मी.

मुलगा : माफी मागितली की मी.

आई : माफीचं नाही रे. वहिनी अजून माझ्याशी बोलताना खाली बघतात.

मुलगा : आणि माझं काय झालं होतं, ते तू पाहिलं नाहीस. निघायचं म्हणून गाडीत बसलो, आणि घराचीच किल्ली गाडीला लावत राहिलो.

आई : हे तू मला कधी बोलला नाहीस.

मुलगा : काय बोलणार?

आई : हे बघ. पलंगाशी हे वेगळं बटण लावते आहे, दिव्याचं नाही. दाबलं की हब तुला निरोप धाडेल. तेवढा एकच निरोप घराबाहेर जाईल. बाकी घरचं बोलणं घरात.

मुलगा : आणि दाबताच आलं नाही तर?

आई : तर नाही यायचं. तुझे बाबा गेले तेव्हा मी शेजारीच झोपले होते. माझा हात त्यांच्या अंगावर होता. तरी मला उजाडल्यावरच कळलं.

(वायरमन मागच्या खोलीत जाऊन तिथल्या बोर्डाचं झाकण काढतो.)

वायरमन : काकू, इकडे पंचाईत आहे. या बोर्डात न्यूट्रलची, म्हणजे वीज परत जायची, वायर ओढलेलीच नाही. जुना स्विच तिच्याशिवाय चालायचा, तुमचा हा इथे चालायचा नाही.

आई : अरे देवा. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

मुलगा : न्यूट्रलशिवाय चालणारा मिळतो, झिगबीतच. फक्त तो आपल्यापुरतं बोलतो, दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाही. पण या खोलीच्या पुढे कुणी नाहीच, म्हणजे अडायचं नाही. भिंतीच्या अलीकडे सॉकेटमध्ये झिगबीचा एक प्लग लावू, तो मधे निरोप झेलेल. थांबा, मी घेऊन येतो.

आई : म्हणजे पटलं तुला.

मुलगा : पटलेलं नाही. पण करायचं तर धड करू.

(मुलगा दुकानात जाऊन येतो.)

वायरमन : या दादा, मिळाला का? आणा इकडे. प्लग लावला... हा स्विच गेला आत... स्क्रू आवळतो... झालं. मेन चालू केला. राउटर बंदच ठेवलाय. लावून बघा.

आई : तुम्ही दोघं बाजूला व्हा. मी पलंगावरून रिमोटने लावते.

वायरमन : लागला. मधला लागला, मागचाही लागला. एकदम झटक्यात. मग निघू मी, काकू?

आई : हो, या. काम छान केलंत.

मुलगा : दार लावलं मी. आणि ते जुनं ॲप फोनमधून काढून टाकलं.

आई : बरं केलंस.

मुलगा : आई, एक विचारू? त्यात मला दिसायचं. पहाटे मागच्या खोलीतला दिवा लागायचा. रोज. पुष्कळ वेळ चालू असायचा.

आई : इतके दिवस बघत होतास, आणि आज विचारतोस?

मुलगा : आता दिसणार नाही ना.

आई : बस इथे. सांगते. तुझे बाबा गेले त्या खोलीत उजाडेपर्यंत दिवा लावून बसते मी.