मालक: मोएलांगी

– नाही आजोबा, यंत्र बिघडलेलं नाही, चांगलं चाललंय – कुलूपच तसं आहे. तुमच्या आत्यानं सांगितलेली वंशावळ या संग्रहात आहे, ही बघा, फोंगाआ आत्या, चाळीस मिनिटं – पण ज्याच्या नावावर आहे त्यालाच ती उघडते, आणि आज मालकापुढे कुणाचं नाव लिहिलंय? मोएलांगी. म्हणजे कोण? म्हणजे मी. तुमचं गाव पलीकडे सवाईई बेटावर, माझं इथं आपिया शहरात, आपला काडीचा संबंध नाही – मग माझं नाव कसं? बसा, कोको घ्या, गार होतोय, सांगते.

आमचे साहेब, फेरेती – दारात भेटले ना, हसून पाठ थोपटली असेल, सगळ्यांची थोपटतात – त्यांच्यामुळे. मी परदेशात, डनेडिनला सहा वर्षं शिकले. तिथं चांगली नोकरी मिळत होती, ती नाकारून आले – का? आपली म्हातारी माणसं बोलता बोलता संपताहेत म्हणून. दोन वर्षं गावोगाव चटईवर बसले, मांड्या बधिर होईपर्यंत, आणि दोनशे चौदा माणसांचा आवाज आणला. एका सोमवारी येऊन बघते तर दोनशे चौदाच्या दोनशे चौदा मालक: फेरेती. विचारलं, तर म्हणतात, "अगं पोरी, नावात काय आहे, आपण सगळे एकाच होडीत." मग होडीला तुमचंच नाव का, असं नाही विचारलं मी. मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही ना – खाली बसले, मान खाली घातली, हो म्हटलं. आणि मनात म्हटलं, थांबा.

कारण त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या फाइली त्यांच्या नावावर त्यांनी बाहेरच्या, सुवा शहरातल्या एका माणसाकडून करून घेतल्या. सगळ्या यंत्राची मुख्य चावी मात्र माझ्याकडे – यंत्र मीच तर उभं केलं. ही काळी खिडकी दिसते ना, इथं एक ओळ लिहायची – मालक बदल, आतल्या सगळ्यांचा बदल, नवा मालक अमुक – की झालं. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. शुक्रवारी ते प्रार्थनेला गेले तेव्हा लिहिली. घाबरत नाही हो, आनंदानं. मला एकूण एक हवं होतं. ते काही फाइली लपवून ठेवायचे, त्यांची भाषणं, माझ्याच टिपणांवरून लिहिलेली – लपवलेल्या फाइलीचं नाव टिंबानं सुरू होतं. म्हणून मी टिंब दिलं आणि पुढे तारा – तारा म्हणजे पुढे काहीही असो. टिंबानं सुरू होणारं जे काय असेल ते सगळं माझं. पण यंत्राच्या भाषेत दोन टिंबं म्हणजे आपण आहोत त्या कप्प्याच्या वरची खोली. तीही टिंबानंच सुरू होते – आणि वरच्या खोलीत तुम्ही लोक. एकसष्ट घराण्यांच्या वंशावळी, ज्याची त्याच्या कुलपात. पहिल्या वर्षाची पोरंही ही चूक करत नाहीत. रागात केली मी.

परत करा म्हणता, पण कुणाला? आधीचं नाव यंत्र लक्षात ठेवत नाही. कुठली वंशावळ कुणाच्या नावावर होती याची जुनी यादी आहे, साहेबांच्या कपाटात – आणि ती मागायला मी त्यांच्यापुढे जाणार नाही. जीव गेला तरी नाही. त्यांना तेवढंच हवंय – मी जमिनीवर बसून माफी मागायची, डोक्यावर चटई घ्यायची, आणि माफ केलं म्हणून त्यांनी मोठ्या मनानं चटई उचलायची. नाही.

सोमवारी तुमची जमिनीची सुनावणी आहे, माहीत आहे मला. काल तुमच्या थोरल्या शाखेची ती बाई पण आली होती, तीही म्हणते फाइल आमच्या नावावर होती. मग यादीशिवाय मी कुणाचं खरं मानू? तिला नाही दिली, घाबरू नका. तिच्या हातात पडली तर संपलंच की तुमचं – तुमचे आजोबा दुसऱ्या घरातून आणलेले, रक्ताचे नव्हेत, हे आत्यानं इतकं स्पष्ट –

काय झालं?

तुम्हीच म्हणालात ना मघाशी. नाही? मग मला कुणीतरी... कोको सांडतोय, आजोबा, कप खाली ठेवा.

असं बघू नका माझ्याकडे. ऐकली. हो, ऐकली, शनिवारी, पूर्ण चाळीस मिनिटं. माझ्या नावावर होती.

साहेबांची खोली उजवीकडे आहे. जायचं तर जा.