ज्वाईंनी केलेले ब्रेक

...आणि वर मलाच विचारतात, "ज्वाईंसाब, तोंड का उतरलंय?" अहो, उतरणार नाही तर काय! शनिवारी मी मरणार आहे, तुम्हाला सांगतो, आणि घरात सणासारख्या सेल रोट्या तळतायत!

नाही, पण तुम्हीच सांगा, मी कोण? या घरचा ज्वाईं, म्हणजे जावई, आणि धंद्याने शिंपी! बिर्खे शिंपी. खाली बाजारात कुणालाही विचारा, माझ्यासारखी पँट अख्ख्या दार्जिलिंगच्या डोंगरात कुणी शिवत नाही. असल्या माणसाला कुणी गाडीचे ब्रेक करायला देतं? पण माझ्या सासऱ्यांनी दिले! त्यांच्या गोठ्यात त्यांच्या वडिलांची जुनी विलायती जीप होती, चौपन्न सालची, आत कोंबड्या अंडी घालायच्या. एका लोसारला, नव्या वर्षाच्या सणाला, सासऱ्यांना, आमच्या बांना, तोंबा जरा जास्त चढला आणि उठले, "हिला पुन्हा रस्त्यावर आणायची! घरच्यांनी, घरच्या हातांनी! बाहेरच्या मिस्त्रीचा पानासुद्धा लागता कामा नये!" टाळ्या! मीही वाजवल्या, मूर्खासारख्या! मेव्हण्याने, नोर्देनने, इंजिन घेतलं, सासूबाईंनी रंग, माझ्या बायकोने, सुनकेसरीने, दिवे आणि भोंगा. मी आपल्या गाद्या शिवून दिल्या. बांनी त्यावरून हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ज्याच्या हाताला एवढी शिस्त, त्याच्याकडेच ब्रेक!"

अकरा वर्षं, महाराज! अकरा वर्षं मी चाकाखाली पडून राहिलो. खोललं, घासलं, पट्टे बसवले, बंद केलं, की एक स्प्रिंग बाहेर! पुन्हा खोललं, पुन्हा बंद केलं... स्प्रिंग बाहेर! शेवटी काय केलं? ...खिशात घातली. बांनी विचारलं, "झाले?" मी म्हटलं, "झाले." तपासायला जागा कुठे, तर अंगणात, बारा पावलं सपाट. गाडी थांबली! अहो, थांबेल नाही तर काय, पुढे भिंत आहे! पण घरभर झालं ना, "ब्रेक ज्वाईंनी केलेत!" सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवून दाखवायच्या, "या बघा, ब्रेक आमच्या ज्वाईंनी केलेत!" आता स्प्रिंगचं कुठल्या तोंडाने सांगू?

त्यात वरच्या मठातल्या म्हाताऱ्या मेमे लामांनी मुहूर्ताची पोथी उघडली. "पहिल्या दिवशी गाडीचं तोंड पूर्वेला हवं." झालं! पूर्वेला काय आहे आमच्या? उतार! सरळ नदीपर्यंत, आणि अशी वळणं की खेचरंसुद्धा आधी थांबतात, विचार करतात. पश्चिमेला चढ, वर तो मठ, गोम्पा. आणि भीतीने डोकं कसं चालतं बघा, मी म्हटलं, "मेमे, तोंड पूर्वेलाच ठेवू, पण गाडी मागे मागे वर नेली तर?" लामांनी पोथी उलटी-सुलटी पाहिली. मागे जायला मनाई कुठेच लिहिलेली नाही! बांनी मला मिठी मारली.

तर निघालो. उलट्या गियरात, चढाने, दीड कोस. मी म्हटलं, मी नाही बसत, मी ठोकळा घेऊन चालतो, थांबली तर चाकाला लावायला. हुशार ना? मग लक्षात आलं, तोंड उताराकडे, म्हणजे ठोकळा लावायचा पुढच्या चाकांच्या पुढे! गाडी सुटली की पहिला मी! आणि काचेआड अख्खं घर, माझी लेक मधोमध, सगळे मला हात हलवतायत! बा मान मागे वळवून चालवतायत, मागच्या डोक्यांमुळे रस्ता त्यांना दिसेना, मी त्यांना दिसेना, सुनकेसरी ओरडतेय, "अहो, भिता काय! ब्रेक तुम्हीच केलेत ना!"

पोचलो. कसे ते विचारू नका. पोचल्या पोचल्या मी चारी चाकांना धोंडे लावले. गाडीला खादे, म्हणजे मानाचे रेशमी शेले, घातले, चहा झाला, आणि लेक उड्या मारत म्हणाली, "आता खाली! तोंडसुद्धा तिकडेच आहे, वळवायचीही गरज नाही!" आम्मै! माझी एकुलती एक पोर, पुढच्या सीटवर, मी शिवलेल्या गादीवर... नाही बघवलं. बांना गोम्पामागे ओढलं, स्प्रिंग हातात ठेवली, म्हटलं, "बा, ब्रेक लागतात का, मला माहीत नाही. अकरा वर्षं घालवली आणि शेवटी खोटं बोललो. मारा मला."

बांनी स्प्रिंगकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आले, "हळू बोल! मी तरी उतारावर कधी चालवलीय? माझे बाबा चालवायचे, मी मागे लटकून ठोकळा लावायचो! गेल्या वर्षी चोरून शिकलो, सिलिगुडीला, सपाटीवर!"

अहो, आम्ही दोघं तिथे भिंतीला टेकून किती वेळ बसलो, काय सांगू! मग बा उठले, डोळे पुसले (खरंच पाणी होतं हो, भीतीचं!) आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "ही गाडी खाली न्यायची नाही. बाबांच्या नावाने गोम्पाला दिली!" सासूबाई रडल्या. नोर्देन अकरा वर्षं ज्यावर राबला त्या इंजिनाला धरून रडला. गाव म्हणालं, काय मन आहे! आम्ही सगळे पायी उतरलो, लेक माझ्या खांद्यावर, आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. रात्रभर झोपलो!

तर काल मेमे लामांचा निरोप आला. गोम्पात तांदूळ संपलाय, आणि आता देवाची गाडी आहेच. शनिवारी ते स्वतः चालवत खाली येणार. फक्त शेजारी माहितगार माणूस हवा. "ब्रेक ज्वाईंनी केलेत, ज्वाईंनाच पाठवा."

धावत वर गेलो, सगळं कबूल केलं, स्प्रिंग दाखवली, पाय धरले. तर ते हसले! माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बिर्खे, देहाचं एवढं काय घेऊन बसलास? आज आहे, उद्या नाही."

त्यांचं बरोबर आहे हो. त्यांनी साठ वर्षं न घाबरता मरायचाच अभ्यास केलाय. मी फक्त शिवण शिकलोय!