जयवंताबाईची एक ओळ

...आता मले सांगा, एक ओळ बदलाले किती वेळ लागते? एक ओळ! पण नाही बाप्पा, आमच्या बियाण्याच्या कंपनीत अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर आला होता ना! अन् त्याच्यावर बसवलं होतं जयवंताबाईले. प्रताप नगरहून लूनावर यायची, बोलायची कमी, पण हट्टाची पक्की. झालं असं, का हिशोब विभागाचा प्रिंटर मेला. मनोहरराव साहेब म्हणे, "जयवंताबाई, हिशोबाचे कागद तोवर माझ्या केबिनमधल्या प्रिंटरवर काढा. आज जमलं नाही तं ते मशीन बंद, उद्यापासून परत टाइपरायटर!"

आता प्रत्येक टेबलावर त्या मशीनचा एक पडदा, मशीनमध्ये त्या टेबलाची एक फाइल, अन् फायलीत एक ओळ, का याचा कागद कोणत्या प्रिंटरवर निघंल. हिशोबाची ओळ होती 'प्रिंटर हिशोब', तिची करायची 'प्रिंटर केबिन'. गोदामातला बळीराम म्हणे, "काहून एवढा घोर करून राहिली वं? एकेक फाइल उघड, हातानं बदल!"

"नाही जी बळीरामभाऊ, बदलीन तं मशीनकडूनच! त्याले नमुना सांगायचा, अशी ओळ दिसली का अशी कर. एका झटक्यात सगळ्या फायली!"

फायलींची नक्कल बाजूले ठेवली अन् नमुना लिहिला. 'प्रिंटर', त्याच्यापुढं टिंब, टिंबापुढं चांदणी; असं दिसंल तिथं 'प्रिंटर केबिन' कर. तुम्हाले वाटंल, टिंब म्हणजे टिंब. कायचं! टिंब म्हणजे कोणतंही अक्षर, अन् चांदणी म्हणजे कितीही! पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' लिहिल्यासारखं... मंग काय, पूरा गाव जेवाले!

गोदाम, पॅकिंग, विक्री, सगळ्यांचे कागद साहेबांच्या केबिनमध्ये! खर्रर्र, खर्रर्र... अन् त्याच्यातच निघाला बळीरामचा अर्ज, धरमपेठेतल्या दुसऱ्या कंपनीत नोकरीसाठी! साहेबांनी काय केलं असंल? लाल शाईनं शुद्धलेखन तपासून परत पाठवला! बळीराम घामाघूम. "बाई, म्या म्हटलं नव्हतं का, हातानं बदल?"

एक ओळ हो, एक ओळ!

जयवंताबाईचे डोळे भरले, पण खुर्ची सोडली नाही. नक्कल परत आणली. आता म्हणे, 'हिशोब' दिसंल तिथं 'केबिन' कर. केलं ना मशीननं, इमानदारीनं! विभागाचं नावच बदलून टाकलं. हिशोबातल्या जिजाबाईच्या पडद्यावर आलं 'केबिन विभाग', ती धावतच आली, "काय वं, मी साहेब होऊन राहिली का?"

एक ओळ!

डबा तसाच पडला होता. बाईनं पदर खोचला, नक्कल पुन्हा आणली अन् तिसरा नमुना लिहिला. ओळ 'प्रिंटर'पासूनच सुरू व्हावी, 'हिशोब'वरच संपावी, मधात कोणाले शिरू द्यायचं नाही. दाबलं बटण... अन् हिशोबाचेच कागद केबिनमध्ये, बाकीचे आपापल्या घरी! बाईनं डबा उघडला. थंडगार पोळी अशी चावून चावून खाल्ली, का पाहातच राहावं!

तेवढ्यात साहेब बाहेर आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आवाज एकदम नरम. "जयवंताबाई, सकाळी झालं होतं ना... सगळ्यांचे कागद माझ्याकडे... तसंच करता का परत? मोठं कामाचं होतं ते!"

बाईनं बळीरामकडे पाहिलं. त्याचं तोंड एवढुसं झालेलं. मंग तुम्हाले सांगतो, बाईनं अशी काही बटणं बडवली, कपाळाचा घाम काय पुसला, मान काय हलवली!

"साहेब, किती नमुने लिहून पाहिले जी... पण ती चूक आता होतच नाही!"

साहेबांनी लंबा श्वास सोडला. "जाऊ द्या बाई. मशीनच ते... माणूस असता तं परत चुकला असता!"