भालू माझ्यावरच का भुंकायचा

कुत्रा भुंकला म्हनून मानूस चोर होतो का, हे आधी तुम्ही सांगा मला. मग मी माझं सांगते.

आम्ही मिठागरावरची मानसं. माझा जन्म मिठागरावरचा, लग्नही मिठागरावरच्याच घरात झालं, पन मीठ पिकतं उन्हाळ्यात, पावसात सगळीकडं पानीच पानी, मग खायचं काय, म्हनून आम्ही बायका जवळच्या पापडी गावातल्या वाड्यांमध्ये कामाला जायचो, गवत काढायला, फुलं खुडायला, केळीला माती लावायला. मी मारियाबायच्या वाडीत लागले तेव्हा माझी शेवंता कडेवरची, दूध पिनारी. बायला माझं काम आवडलं, पाऊस सरला तरी तिनं मला ठेवून घेतली. मारियाबाय म्हंजे मालकीन, ख्रिस्ती, लाल लुगड्यातली बाई, बोलायला मोठी कडक, पन उरलेली भाकरी तिनं मला कधी दिली नाय, ताजीच द्यायची, हे पन लिहा, नायतर लोक म्हनतील बाई वाईट होती. वाईट नव्हती ती.

तिचा भाऊ मिलिटरीत, त्यानं वरच्या थंड डोंगरातून एक पिल्लू आनलं. तिकडं म्हने हे कुत्रे मेंढरांच्या कळपातच जन्मतात, कळपातच मरतात, बिबळ्या आला तरी हटत नायत. बघता बघता वासराएवढा झाला. अस्वलासारखे केस, म्हनून नाव भालू. आमच्या वसईच्या गरमीनं बिचारा बेजार, दिवसभर पाटाच्या पान्यात पोट टेकून पडायचा.

काय सांगू तुम्हाला, त्याचं भुंकनं ऐकायची मला गंमत वाटायची. मिठागरावरचे कुत्रे कसे, एकानं सुरू केलं की सगळे, कशावर ते त्यांचं त्यांना ठाऊक नाय. हा तसा नाय. कावळ्यावर नाय, बकरीवर नाय, चर्चची घंटा वाजली तर नुसता कान उचलनार. परका मानूस कुंपनाशी आला की उठायचा, चारी पाय रोवायचा, शेपूट ताठ, आनि एकदाच, रिकाम्या पिंपावर बुक्की मारावी तसं, भो. मग थांबायचा, ऐकायचा. मानूस मागं फिरला तर संपलं. नाय फिरला तर दुसरं भो. मी गवत काढता काढता म्हनायची, काय भालूभाऊ, आज कोनाची हजेरी घेतलीस?

शेवंताची झोळी फनसाला बांधलेली असायची. पाटातनं उठला की भालू झोळीच्या खाली येऊन पडायचा. पहिल्यांदा माझा जीव उडाला, एवढं मोठं जनावर, पन बाय म्हनाली, काय करत नाय तो, तू कामाला लाग.

मग एका संध्याकाळी मी पोर कडेवर घेतली, वाळक्या झावळ्यांची मोळी डोक्यावर घेतली, झावळ्या बायनंच दिलेल्या, फाटकाशी आले, तर भालू माझ्यावर भुंकला. एकदा नाय, सारखा. आडवा उभा राहिला, जाऊच देईना. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोज तेच.

बाय ओट्यावरून म्हनाली, सखू, थांब गे, मोळी सोड. सोडली. काय नव्हतं. पदर झटक म्हनाली, झटकला. काय नव्हतं. मग रोजचंच झालं ते, मोळी सोड, पदर झटक. मी म्हटलं, बाय, मी काय नेलंय तुमचं? तर म्हनाली, मी कुठं म्हनते, तो म्हनतोय, मुकं जनावर, त्याला खोटं बोलायला कोनी शिकवलंय का? शेजारच्या वाडीतल्या बायका कुंपनावरून बघायच्या. एक म्हनाली, अगं पोरीच्या दुपट्यात बघा, तिथंच लपवतात ह्या. दुपटं पन सोडलं हो. शेवंता उघडी पडून रडायला लागली. नवरा म्हनाला, सोड ती वाडी. मी म्हटलं, आता सोडली तर चोरी पकडली म्हनून पळाली म्हनतील, मग पापडीत कुठली वाडी मला उभी करेल? खायचं काय आपन?

पन खरं सांगू, रागापेक्षा मला कोडंच पडलं होतं. दिवसभर हा माझ्या पायात, मी त्याच्या अंगावर पानी मारते तर डोळे मिटून उभा, आनि संध्याकाळी वैरी? मी नीट बघायला लागले. परक्यावर पाय रोवून भुंकतो, माझ्यावर भुंकताना पाय नाचवतो, शेपूट हलवतो, मधेच कुईकुई करतो. म्हंजे हे चोरावरचं भुंकनं नव्हंच. मग कशावरचं? मोळी ठेवून गेले, तरी भुंकला. दुसरं लुगडं नेसून आले, तरी भुंकला. बाय म्हनायची, आज काय नवीन सोंग गे?

आनि मग शेवंताला ताप आला. तिला सासूपाशी ठेवून मी एकटी कामाला गेले. संध्याकाळी निघाले तर भालू गप्प. फाटकापर्यंत आला, माझी कंबर हुंगली, परत गेला. बाय म्हनाली, बघ, आज काय नेत नायस म्हनून गप्प हाय. शब्द लागला मला. पन वाटेनं तेच डोक्यात, आज मी काय नेत नव्हते? पोर. पोर नेत नव्हते.

ताप उतरला, पोरीला घेऊन गेले. संध्याकाळी झोळीतनं काढली आनि बायच्या हातात दिली. म्हटलं, बाय, हिला तुम्ही फाटकाबाहेर न्या, मी इथंच बसते. म्हनाली, मी काय तुझी नोकर हाय? पन घेतली. फाटकाशी पोचली नाय तोच भालू उठला, आनि आपल्याच मालकिनीवर असा भुंकला, असा भुंकला, की फनसावरचे कावळे उडाले. आडवा झाला. लाल लुगड्याचा काठ हळूच दातात धरला, फाडला नाय, नुसता मागं ओढायला लागला. कुंपनावरची तीच बाई ओरडली, मारियाबाय, पदर झटका!

सगळ्या हसल्या. बाय आधी चिडली, मग तिलाही हसू फुटलं, म्हनाली, मेल्या, माझं खातोस आनि मलाच अडवतोस? मग हसू थांबलं तिचं. पोर माझ्याकडं दिली, फाटक स्वतः उघडलं. माफी वगैरे नाय मागितली, पन त्या दिवसापासून माझ्या मोळीला कोनी हात लावला नाय. भालूच्या हिशेबानं शेवंता त्याच्या कळपातलं कोकरू होती, दुसरं काय? तो भुंकायचा काय थांबला नाय. चर्चच्या वळनापर्यंत आमच्याबरोबर यायचा, तिथून बाय त्याला हाक मारायची.

आता मी विरारला बिल्डिंगींमध्ये भांडी घासते. तिथं कुत्रा नाय. तरी गेटवर वॉचमन काम करून निघनाऱ्या बाईची पिशवी उघडून बघतो. का रे बाबा, तर म्हनतो, सोसायटीचा नियम. माझं काय, माझं अर्धं आयुष्य गेलं, पन नव्या पोरी येतात, त्या मान खाली घालून पिशवी उघडतात, ते बघवत नाय. तुम्ही हे वाचनारे त्याच बिल्डिंगींमध्ये राहता, देव तुमचं भलं करो. तुमची मीटिंग असते ना, चहाचे कप आम्हीच धुतो. पुढच्या मीटिंगला उभे राहा आनि हा नियम काढा म्हना. तेवढं नसेल जमत, तर एक करा, संध्याकाळी गेटवर माझ्या पुढं उभे राहा आनि आधी तुमची पिशवी उघडून दाखवा.