रेवसच्या धक्क्यावरची तौबा

अरे, नुसतं ऐक, मधे बोलू नकोस! काल रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या बोटीची वाट बघत होतो ना, तर शेजारी एक नारळाच्या वाडीवाले चाचा आणि कॉलेजला निघालेला त्यांचा मुलगा. मुलाची ट्रंक चाचांनी घट्ट धरलेली!

“माणूस, मासा, माड, सगळं आपोआप झालं म्हनतोस?”

“आपोआप न्हाय, बावा. हळूहळू बदलत झालं. तुम्ही न्हाय का रोपासाठी चांगल्या माडाचाच नारळ निवडत?”

“मी निवडतो! मंग रानात कोण निवडतो?”

“रानात खारा वारा. कच्चं रोप मरतं, चिवट उरतं.”

“आनि वारा कोण धाडतो?”

“ते माझ्या पुस्तकात न्हाय.”

“माझ्या हाय! तौबा कर, सिराज. न्हायतर घरी चल. कॉलेज बंद.”

“मला पटलंय ते, बावा. तौबा कशी करू?”

तेवढ्यात भोंगा झाला. खलाशी फळी ओढायला लागले.

“सिराज, बोट चालली रे.”

“दिसतंय.”

“अरे मंग... खोटी तौबा तरी कर!”

आणि चाचांनी ट्रंक त्याच्यापुढे धरली, रे! तू काय केलं असतंस?