उजवीकडचे लूप

अकोल्यात उस्मानभाई टेलरकडे पॅन्टची उंची कमी करून घ्यायला बसलो होतो. रिटायर्ड कर्नल शेषराव तायडे नवा कोट घालून आरशासमोर उभे होते.

“उस्मानभाई, तुमी तं मले जित्तेपणीच मारून टाकलं!”

“कावून साहेब? काखेत कसून राहिला का?”

“कोट झकास हाये. पण मेडल अडकवायचे लूप उजवीकडे शिवले तुमी. ज्यानं मेडल कमावलं तो डावीकडे लावते. उजवीकडे लावतात ते मेलेल्या जवानाच्या घरचे.”

“तौबा! शंभर वर्षं जगा साहेब. मागं पातूरच्या मायाबाईचं जाकीट शिवलं, त्याईनं उजवीकडेच सांगतलं होतं. मले वाटलं, फौजेत असंच असते.”

“माया? आमच्या अश्विनची?”

“हो, त्याच. वळखता का?”

“अश्विननं मले पाठुंगळी घेऊन बरफातून खाली आणलं होतं. साऱ्या रस्त्यानं बडबडत होता, का साहेब, जेवण जरा कमी करत जा.”

“अन् मंग?”

“मंग दुसऱ्याले आणाले परत वर गेला.”

“काढा कोट साहेब. उजवीकडचे लूप उसवतो, दोन मिनिटांचं काम हाये.”

“डावीकडे नवे शिवा. हे राहू द्या.”

“तिकडे काय लावसान?”

“काईच नाई.”

“सव्वीस जानेवारीले लोक विचारतीन ना!”

“टेलरची चूक हाये म्हणून सांगीन.”

“सांगजा साहेब. दुकानाचं नाव बी सांगजा.”